कायद्याची विचारणा : नोटरी व्हायचे आहे

नोटरीच्या नेमणुकीविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत असतात. वकिलीच्या पहिल्या पायरीवरचे तरुण, काही वर्षे सनद असलेले वकील, निवृत्त कर्मचारी आणि नुकतेच प्रमाणपत्र हाती आलेले नोटरी असे सगळेच विचारतात, म्हणून या अंकातील सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरांना मुख्य आधार आहे तो नोटरी अधिनियम, १९५२ आणि त्याखालील नोटरी नियम, १९५६ यांचा.

प्रश्न : मी कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकते. पदवी मिळाल्यावर लगेच नोटरीसाठी अर्ज करता येईल का? त्यासाठी स्पर्धा परीक्षा असते का? (विद्यार्थिनी, सांगली)

लगेच अर्ज करता येणार नाही. पदवी ही फक्त पहिली पायरी आहे. पदवीनंतर आपल्याला महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यावी लागेल, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल आणि त्यानंतर प्रत्यक्ष वकिली करावी लागेल. नोटरी नियमांतील तिसऱ्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराने विधिव्यवसायी म्हणून किमान दहा वर्षे काम केलेले असले पाहिजे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गांतील उमेदवारांसाठी आणि कोणत्याही प्रवर्गातील महिला वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. म्हणजे आपल्या बाबतीत सनदेनंतर सात वर्षे धरून चालावे.

नोटरीपदासाठी लेखी स्पर्धा परीक्षा घ्यावी असे नियमांत कोठेही नाही. अर्जाची छाननी होते आणि केंद्र सरकारच्या नेमणुकांसाठी मुलाखत मंडळासमोर मुलाखत होते. त्यामुळे 'नोटरी परीक्षेची हमखास तयारी' अशा जाहिराती दिसल्या तर पैसे भरण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

ही सात वर्षे कशी घालवावीत याचा विचार मात्र आत्ताच करण्यासारखा आहे. उमेदवाराला व्यापारी कायद्याचे ज्ञान व अनुभव किती आहे आणि त्याच्या वकिलीचा व्याप केवढा आहे, हे सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे अर्ज तपासण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, पाहावे असे नियमच सांगतात. ज्या वकिलाने केवळ फौजदारी न्यायालयात तारखा केल्या आणि करारनामा, कुलमुखत्यारपत्र, वचनचिठ्ठी किंवा भागीदारीपत्र कधी स्वतः लिहिले नाही, त्याला दस्तऐवजाची नाडी कळायला वेळ लागतो. म्हणून एखाद्या जाणत्या दस्तलेखक वकिलाच्या हाताखाली बसून मसुदे लिहावेत, मुद्रांक अधिनियम, नोंदणी अधिनियम, १९०८ आणि परक्राम्य संलेख (धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी) अधिनियम, १८८१ हे तीन कायदे मुळातून वाचावेत. त्यांपैकी शेवटचा कायदा विशेष महत्त्वाचा आहे, कारण १९५२ पूर्वी भारतात नोटरी नेमण्याची देशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम १३८ मध्ये होती आणि तीही त्या कायद्यापुरतीच मर्यादित होती. बाकी कामांसाठी काम करणाऱ्या नोटरींची नेमणूक थेट इंग्लंडमधील 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' या अधिकाऱ्याकडून होत असे. स्वतंत्र देशातील दस्तऐवजांना परदेशातील अधिकाऱ्याच्या नेमणुकीवर अवलंबून राहावे लागू नये, या विचारातून १९५२ चा अधिनियम आला आणि तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला.

प्रश्न : माझ्या सनदेला आठ वर्षे झाली आहेत. मधली दोन वर्षे बाळंतपण व मुलाच्या संगोपनामुळे मी न्यायालयात जाऊ शकले नाही. त्याआधी काही महिने एका खासगी कंपनीत नोकरीही केली होती. माझी सात वर्षे पूर्ण झाली असे धरता येईल का? (महिला वकील, बीड)

आपण हा प्रश्न अर्ज करण्यापूर्वी विचारलात हे फार चांगले झाले, कारण बहुतेक उमेदवार फक्त सनदेची तारीख पाहतात आणि तेथूनच वर्षे मोजतात. नियमाची भाषा सनद धारण करण्याची नसून विधिव्यवसायी म्हणून काम करण्याची आहे. या दोन गोष्टींतला फरक आपल्या पत्रातील दोन्ही कालखंडांना वेगवेगळ्या प्रकारे लागू पडतो.

नोकरीच्या काळापासून सुरुवात करू. पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारणाऱ्या वकिलाने बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवणे अपेक्षित असते. आपण तशी ती स्थगित केली असेल तर तो काळ वकिलीत मोजता येणार नाही हे उघडच आहे. स्थगित केली नसेल, तरीही तो काळ वकिलीचा म्हणून दाखवण्याचा मोह टाळावा असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. जो अधिकारी पुढे दुसऱ्यांच्या शपथा घेणार आहे, त्याच्या स्वतःच्या अर्जात खोटी नोंद असणे ही साधी चूक ठरत नाही, आणि ती उघडकीस आली तर केवळ नोटरीपदच जाईल असे नाही, सनदही धोक्यात येईल.

बाळंतपणाचा काळ निराळा आहे. सनद चालू असताना काही काळ न्यायालयातील हजेरी कमी झाली एवढ्यावरून व्यवसाय खंडित झाला असे म्हणणे योग्य होणार नाही. त्या काळात आपण घरून मसुदे तयार केले असतील, सल्ला दिला असेल, सहकारी वकिलांबरोबर वकालतनाम्यावर नाव असेल, तर तेही वकिलीचेच काम आहे. मात्र ते दाखवता आले पाहिजे. वकालतनाम्यांच्या प्रती, दिलेल्या नोटिसा, फीच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे आणि वकील संघाचे प्रमाणपत्र असे पुरावे वर्षवार लावून ठेवावेत. त्यातूनही सात वर्षांच्या काठावर हिशेब येत असेल, तर मी आपल्याला थोडे थांबून निःशंकपणे अर्ज करण्यास सांगेन. घाईने केलेला आणि अपात्र ठरलेला अर्ज उमेदवाराला पुढे नडतो, ते कसे हे पुढच्या एका उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी न्यायालयाच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दस्तऐवज, शपथपत्रे, न्यायालयीन कामकाज यांत माझी हयात गेली. मला नोटरी होता येईल का? (निवृत्त कर्मचारी, अमरावती)

आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवूनही, केवळ त्या आधारावर होता येणार नाही, असेच उत्तर द्यावे लागते. वकिलांखेरीज जे नोटरी होऊ शकतात त्यांची यादी लहान आहे. त्यात केंद्र सरकारच्या भारतीय विधी सेवेतील सदस्य येतात, किमान दहा वर्षे न्यायिक सेवेत असलेले येतात, वकील म्हणून नाव नोंदवल्यानंतर कायद्याचे विशेष ज्ञान आवश्यक असलेल्या केंद्र वा राज्य सरकारच्या पदावर दहा वर्षे काम केलेले येतात, आणि सशस्त्र दलांच्या विधी विभागात तेवढाच काळ पद धारण केलेले अधिकारी येतात. न्यायिक सेवा म्हणजे न्यायाधीशांची सेवा. न्यायालयाच्या कार्यालयातील कर्मचारी तिच्यात धरले जात नाहीत. आपल्याकडे कायद्याची पदवी असेल तर निवृत्तीनंतर सनद घेण्याचा विचार करता येईल, पण तेव्हाही वकिलीची वर्षे त्या दिवसापासूनच मोजली जातील.

प्रश्न : अर्ज केंद्राकडे करावा की राज्याकडे? अर्ज नेमका कसा तपासला जातो? माझ्या एका मित्राची दहा वर्षांहून अधिक वकिली असूनही त्याचा अर्ज नाकारला गेला. (वकील, लातूर)

अधिनियमाचे कलम ३ दोन्ही सरकारांना नेमणुकीचा अधिकार देते. केंद्र सरकार संपूर्ण भारतासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी नोटरी नेमू शकते, राज्य सरकार संपूर्ण राज्यासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या प्रमाणपत्रावर एक निश्चित क्षेत्र लिहिलेले असते आणि त्याच क्षेत्रात काम करता येते, त्यामुळे केंद्राचा नोटरी म्हणजे देशात कोठेही शिक्का मारणारा नोटरी हा समज चुकीचा आहे. केंद्राच्या नेमणुका विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागामार्फत होतात आणि २०२४ मध्ये त्या विभागाने यासाठी स्वतंत्र नोटरी पोर्टल सुरू केले. महाराष्ट्र शासनाच्या नेमणुका मंत्रालयातील विधि व न्याय विभागाकडून होतात. अधिकारांत दोहोंमध्ये फरक नाही, तेव्हा ज्या सरकारने आपल्या तालुक्यासाठी किंवा जिल्ह्यासाठी अर्ज मागवले असतील तेथे अर्ज करावा. जाहिरातीत मागितलेली कागदपत्रे आणि मुदत दरवेळी स्वतः वाचून घ्यावी.

नियमांत अर्जाला दिलेला नमुना पाहिला तर त्यामागचा विचार लक्षात येतो. त्या नमुन्यावर उमेदवाराच्या सहीखेरीज एक दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा एक व्यवस्थापक, एक व्यापारी आणि उमेदवार जेथे काम करू इच्छितो त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या सांगितल्या आहेत. कायदा येथे पदवीपलीकडचे काही विचारतो आहे. ज्या गावात, ज्या पेठेत हा माणूस सही-शिक्का घेऊन बसणार आहे, तेथील न्यायव्यवस्था, बँक, बाजारपेठ आणि शेजार त्याला ओळखतात का, हा तो प्रश्न आहे. ओळखीतल्या कोणाच्याही पाच सह्या घाईघाईने गोळा करणारे उमेदवार ही संधी वाया घालवतात असे मला वाटते. ज्यांची सही घ्यायची त्यांनी आपले काम खरोखर पाहिलेले असावे.

आता आपल्या मित्राच्या अर्जाविषयी. दहा वर्षांची वकिली ही पात्रता आहे, हक्क नव्हे. शिफारस करताना सक्षम प्राधिकाऱ्याने कोणत्या गोष्टी पाहाव्यात हे सातव्या नियमात सांगितले आहे. उमेदवार त्या भागात सामान्यतः राहतो का, त्या भागाचे व्यापारी महत्त्व आणि तेथे आधीच असलेल्या नोटरींची संख्या लक्षात घेता आणखी एका नोटरीची गरज आहे का, उमेदवाराचा व्यापारी कायद्यातील अनुभव व वकिलीचा व्याप पुरेसा आहे का, त्याच्याविरुद्ध आलेल्या आक्षेपांत तथ्य आहे का, तो वकिलांच्या एखाद्या फर्ममध्ये असेल तर तेथे आधीच किती नोटरी आहेत, आणि इतर प्रलंबित अर्जांपैकी कोणी अधिक योग्य आहे का, या सगळ्यांचा विचार होतो. शिवाय प्रत्येक राज्यात केंद्राने व राज्याने जास्तीत जास्त किती नोटरी नेमावेत याची मर्यादा नियमांच्या अनुसूचीत घालून दिलेली असते. त्यामुळे न्यायालयाच्या आवारात आधीच ओळीने नोटरी बसलेल्या शहरातील उत्तम वकिलाचा अर्ज मागे पडणे आणि नोटरी नसलेल्या तालुक्यातील मध्यम व्याप असलेल्या वकिलाची नेमणूक होणे, यात अन्याय झालाच असे नाही. नोटरीची नेमणूक वकिलाच्या सन्मानासाठी होत नसते, ती लोकांच्या सोयीसाठी होते. आपण स्वतः अर्ज करणार असाल तर आपल्या भागातील गरज मांडण्यावर भर द्यावा. दस्त साक्षांकित करण्यासाठी गावकऱ्यांना किती लांब जावे लागते, परिसरात बँकेच्या किती शाखा आहेत, बाजार समिती किंवा औद्योगिक वसाहत आहे का, हे मुलाखतीत मोजक्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

अर्ज नाकारला गेल्यास लगेच पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही, कारण आधीचा अर्ज फेटाळल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला नवा अर्ज त्याच कारणासाठी फेटाळला जातो. बीडच्या भगिनींना थांबण्याचा सल्ला दिला तो यामुळे.

प्रश्न : नोटरी झाल्यावर सरकारकडून मानधन मिळते का? केवळ नोटरीच्या कामावर घर चालेल का? (वकील, जळगाव)

मानधन, वेतन किंवा निवृत्तिवेतन यांपैकी काहीही मिळत नाही. नोटरीने पक्षकाराकडून घ्यावयाची फी नियम १० मध्ये ठरवून दिलेली आहे, तीत केंद्र सरकार वेळोवेळी बदल करते, आणि दरपत्रक कार्यालयाच्या आत व बाहेर ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. घेतलेल्या फीची पावती द्यावी लागते. ठरलेली फी माफक आहे. नोटरीला वकिली चालू ठेवता येते आणि बहुतेकांचा चरितार्थ वकिलीवरच चालतो, हे लक्षात घेऊनच या कामाकडे यावे. ज्या प्रकरणात आपण स्वतः एका पक्षाचे वकील आहोत त्यातील शपथपत्र आपल्याच शिक्क्याने साक्षांकित करू नये. शेजारच्या टेबलावरील नोटरीकडे पक्षकाराला पाठवण्यात काहीच कमीपणा नाही.

प्रश्न : नुकतेच माझ्या हाती नोटरीचे प्रमाणपत्र आले आहे. कामाला सुरुवात करताना काय काळजी घ्यावी? विशेषतः पक्षकार समोर नसताना त्याचे नातेवाईक सही केलेला कागद घेऊन येतात, तेव्हा काय करावे? (नवनियुक्त नोटरी, रत्नागिरी)

आधी बाह्य व्यवस्था थोडक्यात सांगतो. नोटरीची मुद्रा साधी, वर्तुळाकार आणि पाच सेंटिमीटर व्यासाची असावी लागते. तिच्यावर नोटरीचे नाव, नेमून दिलेले क्षेत्र, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव हवे. कार्यालय नेमलेल्या क्षेत्रातच असावे आणि त्यावर नाव व पद दाखवणारी पाटी असावी. विहित नमुन्यातील नोटरी नोंदवही ठेवावी आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आदल्या वर्षात केलेल्या कामाचे वार्षिक विवरण सरकारला पाठवावे. कलम ८ प्रमाणे नोटरीच्या सहीशिवाय आणि अधिकृत मुद्रेशिवाय केलेले कोणतेही कृत्य नोटरीचे कृत्य मानले जात नाही. म्हणून मुद्रा कुलपात ठेवावी. कारकुनाच्या मेजावर ती सोडून न्यायालयात जाऊ नये, हे कितीही ओळखीचा व विश्वासू कारकून असला तरी लागू आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पक्षकार समोर नसेल तर साक्षांकन करू नये. याला अपवाद नाही. नोटरी जेव्हा दस्ताच्या निष्पादनाचे, म्हणजे सही करून तो पुरा केल्याचे, साक्षांकन करतो, तेव्हा ही व्यक्ती माझ्यासमोर आली, तिची ओळख मी पटवून घेतली आणि तिने सही केली, एवढेच तो जगाला सांगत असतो. दस्तातील मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही. म्हणजे त्याच्याकडून समाजाला मिळणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे समक्षतेची साक्ष, आणि तीच खोटी असेल तर त्या पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात काहीच उरत नाही. याचे कायदेशीर वजन किती आहे ते पाहा. नोटरीसमोर निष्पादित झालेले व त्याने अधिप्रमाणित केलेले कुलमुखत्यारपत्र तसेच निष्पादित झाले आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८५ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम ८४ मध्ये कायम आहे. मुंबईत राहणाऱ्या पुतण्याने कोकणातील म्हाताऱ्या चुलतीच्या नावे बनावट मुखत्यारपत्र आणले आणि नोटरीने ओळखीखातर शिक्का मारला, तर त्या चुलतीला स्वतःच्याच जमिनीसाठी न्यायालयात या गृहीतकाविरुद्ध लढावे लागते. खोटेपणा सिद्ध करण्याचे ओझे तिच्या डोक्यावर येते, आणि ते तिथे ठेवलेले असते नोटरीने.

नातेवाईक म्हणतील की आई अंथरुणाला खिळली आहे, तिला आणणे शक्य नाही. तसे असेल तर आपण जावे. नोटरीने पक्षकाराच्या घरी जाऊन काम करण्यास नियमांची आडकाठी नाही, त्यासाठी प्रवासखर्च घेण्याचीही तरतूद आहे, फक्त ते घर आपल्या क्षेत्रात असले पाहिजे. गेल्यावर नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून त्या व्यक्तीशी बोलावे. आपण कशावर सही करत आहोत हे तिला तिच्या शब्दांत सांगता येते का ते पाहावे. सांगता येत नसेल, ती गोंधळलेली किंवा दबावाखाली वाटत असेल, तर परत यावे. निरक्षर किंवा दृष्टिहीन पक्षकाराला दस्त त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावा आणि वाचून दाखवल्याची नोंद साक्षांकनातच लिहावी. इंग्रजीत टंकलिखित केलेले शपथपत्र आणि फक्त मराठी जाणणारा पक्षकार हा प्रसंग आपल्याकडे रोजचा आहे, तेव्हा ही काळजी केवळ वृद्धांपुरती नाही.

ओळखीचा पुरावा म्हणून छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र पाहावे, केवळ छायाप्रत पुरेशी मानू नये, आणि ओळखपत्राचा प्रकार नोंदवहीत लिहावा. नोंदवहीत पक्षकाराची सही किंवा अंगठा घ्यावा. मागची तारीख घालू नये, रिकाम्या जागा असलेल्या कागदावर शिक्का मारू नये, नोंदवहीत मधल्या ओळी मोकळ्या सोडू नयेत. पुढे कधी न्यायालयात साक्षीला बोलावले गेले तर आपल्याला तो चेहरा आठवणार नाही, ती नोंदवहीच आपल्या वतीने बोलेल. सत्यप्रत साक्षांकित करताना मूळ कागद हातात घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहावी. भाषांतर करणे व भाषांतर पडताळणे हेही कलम ८ मधील नोटरीचे काम आहे, पण जी भाषा किंवा लिपी स्वतःला वाचता येत नाही तिच्या भाषांतराखाली सही करू नये. जुन्या वाटणीपत्रांच्या निमित्ताने मोडी लिपीतील कागद आपल्याकडे येतील, तेव्हा हे आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रश्न : शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्लॉटचे खरेदीखत करून नोटरी केले आहे. घटस्फोटही असाच नोटरीसमोर परस्पर संमतीने करता येतो असे सांगतात. हे खरे आहे का? (वाचक, नाशिक)

दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. शंभर रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताने करावी लागते. त्यासाठी योग्य मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणे हाच मार्ग आहे. नोटरीच्या शिक्क्याने त्या नोंदणीची उणीव भरून निघत नाही आणि अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. मिळकतीच्या नोंदणीसाठी दस्त सादर करण्याचे मुखत्यारपत्रसुद्धा, ते देणारा भारतात राहत असेल तर, नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे निबंधकासमोरच अधिप्रमाणित करून घ्यावे लागते. देणारा परदेशात असेल तेव्हा तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी चालतो. आपण शक्य तितक्या लवकर विक्रेत्याला गाठून रीतसर दस्त नोंदवून घ्यावा.

विवाह व घटस्फोटाविषयी विधी कार्य विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की नोटरी हा विवाह अधिकारी नाही आणि विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त नोटरी करण्याचा त्याला अधिकार नाही. असे कागद करून देणाऱ्या नोटरीविरुद्ध गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते. रत्नागिरीच्या नवनियुक्त नोटरींनीही हे उत्तर वाचावे, कारण अशा मागण्या घेऊन लोक त्यांच्याकडे येणारच, आणि बहुधा ते अडचणीत सापडलेले, खर्चाला घाबरलेले लोक असतील. त्यांना शिक्का देण्याऐवजी योग्य कार्यालयाचा पत्ता आणि गरज पडल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत साहाय्याची माहिती द्यावी.

प्रश्न : आमच्या भागात एक गृहस्थ जुन्या नोटरीचा शिक्का वापरून शपथपत्रे करून देतात असा संशय आहे. खात्री कशी करावी आणि तक्रार कोठे करावी? (वाचक, धुळे)

प्रत्येक सरकारने आपण नेमलेल्या व कार्यरत असलेल्या नोटरींची यादी दर जानेवारीत राजपत्रात प्रसिद्ध करावी असे कलम ६ सांगते. ती पाहावी, तसेच त्या गृहस्थांकडे चालू मुदतीचे प्रमाणपत्र दाखवण्याची मागणी करावी. नोटरी म्हणून नेमणूक नसताना तसे भासवणे किंवा ती मुद्रा वापरणे हा कलम १२ खालील गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यासाठी पोलिसांकडे जावे. नोटरी खरा असेल पण वागणूक चुकीची असेल, तर नियम १३ प्रमाणे विहित नमुन्यात नेमणूक करणाऱ्या सरकारच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करावी. चौकशीत दोषी ठरल्यास ताकीद, निलंबन किंवा प्रमाणपत्र रद्द करणे अशी कारवाई होते.

प्रश्न : माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली आहे. नूतनीकरणाचा अर्ज केला आहे, पण उत्तर आलेले नाही. मुदत संपल्यावर काम चालू ठेवता येईल का? शिवाय मला शेजारच्या तालुक्यातही काम करायचे आहे. (नोटरी, सातारा)

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. १९९९ च्या दुरुस्तीपूर्वी ती तीन वर्षांची होती. नूतनीकरणही दरवेळी पाच वर्षांसाठी होते. अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, वार्षिक विवरणे नियमित पाठवल्याची खात्री करून आणि फीसह करावा. थकलेली विवरणे असतील तर आधी ती पूर्ण करावीत.

अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावर मुदतीनंतर काम करता येत नाही. चालू प्रमाणपत्राशिवाय नोटरी म्हणून काम करण्यास कलम ९ ने मनाई केली आहे, आणि नूतनीकरण न झाल्यास कलम १० प्रमाणे सरकारने ठेवलेल्या नोटरींच्या नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. त्या काळात केलेले साक्षांकन पुढे आव्हानात सापडले तर नुकसान पक्षकाराचे होते, त्याने तर आपल्यावर विश्वास ठेवून फी भरलेली असते. तेव्हा मुदत संपेल त्या दिवशी आपल्या नोटरी नोंदवहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख घालावी, पाटीवर तात्पुरती सूचना लावावी आणि येणाऱ्यांना दुसऱ्या नोटरीकडे पाठवावे. दरम्यान अर्जाचा क्रमांक घेऊन विभागाकडे लेखी पाठपुरावा करावा.

शेजारच्या तालुक्यासाठी क्षेत्रवाढीचा स्वतंत्र अर्ज नियम ८अ खाली करता येतो. मंजुरी मिळून प्रमाणपत्रावर तशी नोंद होईपर्यंत तेथे काम करू नये. दोन्ही अर्ज एकाच वेळी प्रलंबित ठेवण्यापेक्षा आधी नूतनीकरण पदरात पाडून घ्यावे आणि नव्या प्रमाणपत्राच्या आधारे क्षेत्रवाढ मागावी, हे अधिक सोयीचे पडेल.